ईश्वराला ‘बाप’ म्हणावे का? ख्रिस्ती शेजारी, आपल्या मुली आणि पंडिता रमाबाईंच्या शंका

बेल्ह्याहून आण्याचा घाट चढून पुढे गेले की पारनेर तालुका लागतो आणि नगर जिल्हा सुरू होतो. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ साली काम सुरू केले. पुढे त्या भागात मिशनच्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने उभे राहिले. नगर, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या पट्ट्यात आजही ख्रिस्ती कुटुंबे बरीच आहेत. आपल्याकडच्या मुली नर्सिंगला जातात, तेव्हा त्यांच्या शिक्षिका आणि खोलीतल्या मैत्रिणी ख्रिस्ती असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

सोमवारच्या बाजारात अशाच एका मुलीच्या आईने आम्हाला थांबवले. “सर, पोरगी सांगते तिकडं सकाळी सगळ्या जणी उभ्या राहून प्रार्थना म्हणतात. खुदाला बाप म्हणतात. हिनं म्हटलं तर शिर्क होईल ना? परत आणू का तिला?”

प्रश्न घाईत विचारलेला होता, पण घाईत उत्तर देण्यासारखा नव्हता. त्याचा एक भाग नियमाचा आहे, तो आधी संपवू. भारतीय संविधानाच्या २८व्या अनुच्छेदानुसार, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे मुलीने अदबीने उभे राहावे, गप्प राहावे, एवढे पुरते. तशी एक साधी चिठ्ठी पालकांनी दिली की बहुतेक ठिकाणी विषय तिथेच मिटतो. एवढ्यासाठी मुलीचे शिक्षण तोडून तिला घरी आणणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

दुसरा भाग अवघड आहे. ती माणसे ईश्वराला बाप म्हणतात तेव्हा त्यांना नेमके काय म्हणायचे असते? हे आपल्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत असते. आणि खरे सांगायचे तर अनेक ख्रिस्ती घरांतही ते धड माहीत नसते.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘पिता’ या शब्दाला शारीरिक अर्थ अजिबात नाही. ईश्वराला पत्नी होती आणि तिच्यापासून त्याला मूल झाले, असे कोणतेही चर्च मानत नाही. कोणी तसे बोलले तर ते ती ईश्वरनिंदा समजतील. हजरत ईसा (अ.) यांनी शिष्यांना शिकवलेली म्हणून जी प्रार्थना ते म्हणतात, तिच्यात ईश्वराला पिता म्हणून हाक मारली जाते, त्याच्याकडे रोजची भाकर मागितली जाते आणि पापांची क्षमा मागितली जाते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात तर ईसा (अ.) ‘माझा आणि तुमचा पिता’ यासोबत ‘माझा आणि तुमचा देव’ अशा आशयाचे बोलतात. त्या अर्थाने सगळेच ईश्वराची लेकरे झाली. शब्द मायेचा आहे.

मग कुरआनने तो का स्वीकारला नाही? आम्हाला त्याचे कारण असे वाटते की उपमा फार दिवस वापरली की ती गोठते. आधी ‘बापासारखा’ असतो, मग ‘बाप’ होतो, मग त्याचा ‘एकुलता पुत्र’ ठरतो आणि शेवटी त्या पुत्राला ईश्वर मानणे ही श्रद्धेची अट बनते. सूरह माइदाच्या १८व्या आयतीत ‘आम्ही ईश्वराची लेकरे व लाडके आहोत’ या म्हणण्याला उत्तर आहे: तुम्हीही त्याने निर्माण केलेल्या माणसांपैकीच माणसे आहात. त्या जागी कुरआन ‘रब्ब’ हा शब्द देतो, तोही फातिहाच्या पहिल्याच ओळीत. तो ‘पालनकर्ता’ या अर्थाने घेतात. आपल्या घरात रोज वापरला जाणारा ‘तरबियत’ हा शब्द या ‘रब्ब’चाच जवळचा नातेवाईक समजला जातो. म्हणजे वाढवणे, जपणे, वळण लावणे हे सगळे त्यात आले, फक्त रक्ताचे नाते आले नाही.

यावर ख्रिस्ती मित्रांकडून एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. तुमचा अल्लाह म्हणजे मालक, तुम्ही गुलाम, तिथे प्रेम कुठे? हा गैरसमज आहे आणि त्याचे उत्तर आपल्या मुलांना देता आले पाहिजे. कुरआनात अल्लाहचे एक नाव ‘वदूद’ आहे, म्हणजे खूप प्रेम करणारा. सूरह हूद आणि सूरह बुरूज या दोन्हींत ते येते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. युद्धकैद्यांमध्ये एक बाई आपले हरवलेले मूल शोधत धावत होती. मूल सापडताच तिने त्याला पोटाशी धरले आणि दूध पाजले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना विचारले, ही आई आपले मूल आगीत टाकेल का? ते म्हणाले, शक्य असेतो कधीच नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की ही आपल्या मुलावर जेवढी दयाळू आहे, त्याहून अल्लाह आपल्या दासांवर अधिक दयाळू आहे. इथे आईचा दाखला दिला, पण अल्लाहला ‘आई’ हे नाव दिले नाही. दाखला दाखल्याच्या जागी राहिला. मुलीला समजवायचे असेल तर एवढा फरक पुरेसा आहे.

ईश्वराच्या स्वभावाविषयी ख्रिस्ती लोकांत आणखी एक समज फार पसरलेला आहे. जुन्या करारातला देव कडक, रागीट, शिक्षा करणारा; नव्या करारातला देव प्रेमळ. जणू मध्येच त्याचा स्वभाव पालटला. ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने दोन वेगळे देवच मांडले होते आणि रोमच्या चर्चने त्याला इ.स. १४४च्या सुमारास बाहेर काढले. म्हणजे अधिकृत ख्रिस्ती धर्माला हा समज तेव्हापासून अमान्य आहे. आणि पुस्तक उघडून पाहिले तरी तो टिकत नाही. निर्गमच्या ३४व्या अध्यायात मूसा (अ.) यांच्यासमोर ईश्वर स्वतःला दयाळू, मंदक्रोध, क्षमा करणारा म्हणवतो, आणि नरकाचा इशारा शुभवर्तमानांत ईसा (अ.) यांच्याच तोंडी पुन्हा पुन्हा येतो. तरीही घराघरांत ‘रागीट’ आणि ‘प्रेमळ’ अशी वाटणी चालूच आहे.

आपल्या घरातले मात्र यापेक्षा फार वेगळे आहे, असे कोणी म्हणू नये. “झूठ बोलेगा तो अल्ला मारेगा” हे वाक्य किती आया दिवसातून किती वेळा म्हणतात! मूल ‘रहमान’ शब्दाचा अर्थ शिकते मदरशात आणि ‘मारणारा’ शिकते स्वयंपाकघरात.

ईश्वराच्या रूपाविषयीही तसेच. पांढरी दाढी, ढगांवर बसलेला म्हातारा, हे चित्र बायबलने दिलेले नाही. रोममधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात जे रंगवले, त्याच्या नकला पुढे जगभर पसरल्या आणि अनेकांच्या मनात तोच ईश्वर होऊन बसला. उत्पत्तीच्या पुस्तकात ईश्वर बागेत फिरतो, सातव्या दिवशी विसावा घेतो, माणूस निर्माण केल्याचा त्याला खेद होतो, अशी वाक्ये आहेत. ती अक्षरशः घेऊन आपले काही वक्ते टाळ्या मिळवतात. पण त्याच बायबलात यशयाच्या ४०व्या अध्यायात ईश्वर थकत नाही असे आहे, आणि गणनाच्या २३व्या अध्यायात तो माणसासारखा पस्तावणारा नाही असेही आहे. जाणते ख्रिस्ती पहिली वाक्ये अलंकारिक मानतात. कुरआनने सूरह काफच्या ३८व्या आयतीत आकाश-पृथ्वीच्या निर्मितीने अल्लाहला थकवा शिवला नाही असे सांगून हा प्रश्न मोकळा केला. मात्र ‘हात’ आणि ‘अर्श’ हे शब्द कुरआनातही आहेत, आणि त्यांच्या अर्थावरून आपल्या विद्वानांनी शतकानुशतके वाद घातले आहेत. इमाम मालिक यांना अर्शवर स्थिर होण्याविषयी कोणी विचारले तेव्हा त्यांनी ‘कसे’ हा प्रश्नच थांबवला होता. त्याच्यासारखे काहीच नाही, हे सूरह शूराच्या ११व्या आयतीतले तत्त्व धरून चालावे लागते. तेव्हा दुसऱ्याच्या अलंकारावर हसण्याआधी जरा जपून.

खरा मतभेद क्षमेचा आहे. पुष्कळ ख्रिस्ती घरांत असे समजतात की ईश्वर न्यायी असल्यामुळे किंमत वसूल केल्याशिवाय तो क्षमा करूच शकत नाही. माणसाच्या पापाचा राग त्याने निरपराध पुत्रावर काढला आणि मग शांत झाला. अनेक ख्रिस्ती धर्मपंडितांना हे चित्र पटत नाही. ते म्हणतात, शिक्षा दुसऱ्या कोणावर लादली नाही, ईश्वराने स्वतःच ती सोसली. कॅन्टरबरीच्या अॅन्सेल्मने अकराव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला, तो त्यात पापाला कर्जाची उपमा देतो. पण लूकच्या १५व्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट, जी ईसा (अ.) यांनी सांगितली, तिच्यात बाप काय करतो? मुलगा लांबून येताना दिसतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. कोणाकडून काही वसूल करत नाही. आम्हाला ही गोष्ट सूरह जुमरच्या ५३व्या आयतीच्या फार जवळची वाटते. आदम (अ.) यांनी तौबा केली आणि ती स्वीकारली गेली, प्रकरण तिथेच संपले. एकाचे ओझे दुसरा उचलत नाही, हे सूरह अनआमच्या १६४व्या आयतीत स्पष्ट आहे. अर्थात आपल्याकडेही नवस बोलून, दर्ग्यावर चादर कबूल करून अल्लाहशी देवघेव करू पाहणारे काही कमी नाहीत.

आता त्रैक्याकडे येऊ. इथे मात्र गैरसमज आपल्याकडे जास्त आहेत. ‘ख्रिस्ती लोक तीन देव मानतात, बाप, मुलगा आणि मरयम’ असे आम्ही शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे. ख्रिस्ती श्रद्धा तशी नाही. ते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन व्यक्ती आणि तत्त्व एकच, असे म्हणतात. आज तुर्कस्तानात असलेल्या निकिया गावी ३२५ साली भरलेल्या परिषदेत पुत्राचे स्थान ठरवण्यात आले. अलेक्झांड्रियाचा पाद्री एरियस पुत्राला ईश्वराने निर्माण केलेला मानत होता, त्याचे मत तिथे फेटाळले गेले. पवित्र आत्म्याविषयीची भर ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडली जाते. सूरह माइदाच्या ११६व्या आयतीत ईसा (अ.) आणि त्यांच्या मातेला पूज्य ठरवण्याचा निषेध आहे, मरयम (अ.) या ख्रिस्ती त्रैक्यातली तिसरी व्यक्ती आहेत, असे त्या आयतीत म्हटलेले नाही. नगरकडचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती तर मरयम (अ.) यांची प्रार्थनाही करत नाहीत. उलट वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणबत्ती लावायला इतर धर्मांची माणसे जातात, त्यांत आपलीही असतात.

तीन देव नाहीत असे ते म्हणतात, हे मान्य करूनही प्रश्न उरतो. आणि तो आपण पहिल्यांदा विचारलेला नाही. तो आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला अखेरपर्यंत राहिलेल्या एका मराठी बाईने, ख्रिस्ती झाल्यानंतर, इंग्लंडमध्ये बसून विचारला होता.

पंडिता रमाबाई १८५८ सालच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्यांना संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर देशभर पायी फिरल्या, कलकत्त्याला ‘पंडिता’ ही पदवी मिळाली, लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथील जोगिणींच्या मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. हे बहुतेकांना माहीत असते. त्यापुढचे कमी सांगितले जाते.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना, १८८५ साली, रमाबाईंचा आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी मोठा पत्रव्यवहार झाला. ईश्वर एक आहे यावर त्यांची श्रद्धा होती, ख्रिस्तावर प्रेम होते. पण ख्रिस्त म्हणजे स्वतः ईश्वर हे त्यांना पटत नव्हते. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला मानवत नव्हता. अथानासियसच्या नावाने म्हटला जाणारा विश्वासाचा पाठ त्यांना फार खटकला, कारण त्यात त्रैक्य न मानणाऱ्याला तारण नाही असे ठासून सांगितले आहे. सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. गुरूचे ऐकावे, शंका आवराव्यात, असा त्यांचा सूर होता. रमाबाईंचे उत्तर अशा आशयाचे होते: हिंदू पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे जोखड घेणार नाही, सद्सद्विवेक मला ईश्वराने दिला आहे. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती, त्यालाही त्यांनी हरकत घेतली. माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कळत नाही, अक्षरे संस्कृत किंवा मराठी हवीत, असे त्यांचे म्हणणे होते. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली इंग्रजीत छापली. मराठी शाळांच्या ग्रंथालयात ती असायला हवीत.

आपले काही वक्ते रमाबाईंची गोष्ट इथेच थांबवतात आणि श्रोत्यांना वाटते की बाई जवळजवळ मुसलमानच झाल्या होत्या! तसे काही नाही. भारतात परतल्यावर, १८९१च्या सुमारास, त्यांच्या मनात पालट झाला आणि पुढे त्या ख्रिस्ती श्रद्धेत पूर्ण रमल्या. दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवा यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभे केले, हिब्रू व ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ते बायबल त्यानंतर १९२४ साली निघाले. अर्धे आयुष्य झाकून सांगणे हा अप्रामाणिकपणा आहे, मग तो दीनच्या नावाने का असेना.

तरीही त्यांच्या १८८५च्या शंका खोट्या ठरत नाहीत. संस्कृत शास्त्रांत मुरलेली, सत्यासाठी घरदार, समाज, जात सोडलेली बाई नव्या धर्मात जाऊनही विचारते की ईश्वर एक असेल तर हे तीन कसे, आणि तिला मिळणारे उत्तर असते, आधी विश्वास ठेव. सूरह इख्लासच्या चार लहान आयती आपल्या घरातले पाच वर्षांचे मूल पाठ म्हणते. रमाबाईंना जिथे पानेच्या पाने लिहावी लागली, तिथे आपल्या मुलाला काहीच सोडवावे लागत नाही. पाठ असलेली गोष्ट आपल्याला समजलीच आहे, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

शब्दांविषयी एक गोष्ट राहिली. पुष्कळ मराठी ख्रिस्तींना वाटते की ‘अल्लाह’ हा मुसलमानांचा कोणी वेगळा देव आहे. आपल्यातही ‘त्यांचा देव’, ‘आपला अल्लाह’ अशी भाषा चालते. अरब ख्रिस्ती आपल्या बायबलात आणि प्रार्थनेत ‘अल्लाह’ हाच शब्द वापरतात. माल्टा बेटावरचे कॅथलिक आपल्या भाषेत ईश्वराला ‘अल्ला’ म्हणतात. उर्दू बायबलात ‘खुदा’ आणि ‘खुदावंद’ आहे. सूरह अनकबूतच्या ४६व्या आयतीत ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच बोलण्याची आज्ञा आहे, आणि आमचा व तुमचा ईश्वर एकच आहे असे सांगायला शिकवले आहे. म्हणजे वाद आहे तो ईश्वर कोणता याचा नाही, त्याच्याविषयी काय बोलावे याचा आहे.

सीरतच्या ग्रंथांत नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची हकीकत येते. ते मदिनेला आले, त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि ते मस्जिदे नबवीतच पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. प्रेषितांनी (स.) सोबत्यांना त्यांना अडवू दिले नाही. मग ईसा (अ.) यांच्याविषयी बोलणे झाले, चांगले सडेतोड झाले, आणि एकमत झाले नाही. तह करून ते परत निघाले. जाताना त्यांनी एकच मागणी केली: तुमच्यातला एक विश्वासू माणूस आमच्याबरोबर द्या. प्रेषितांनी (स.) अबू उबैदा इब्ने जर्राह (रजि.) यांना त्यांच्याबरोबर पाठवले.